उत्तरेचं अस्वल

नांदुरखेडात दहाव्याच्या पिंडाला पेंग्विन शिवतो. कावळे गाव सोडून गेले तेव्हापासून ही पद्धत आहे आणि तिच्यात आता कोणाला काही वावगं वाटत नाही.

कावळे उन्हाला कंटाळून गेले. एका वैशाखात उडाले ते परत आलेच नाहीत. लोकांनी काही दिवस पिंड घेऊन शेजारच्या तालुक्यात खेपा घातल्या, पण तिथल्या कावळ्यांना इथली माणसं ओळखीची नव्हती. ते लांबूनच बघत आणि उडून जात. शेवटी नगरपरिषदेच्या शीतप्रदेशीय प्राणिसंग्रहालयात गावातल्या गुरुजींची बैठक बसली. पेंग्विन पक्षी आहे, पाठीकडून काळा आहे, आणि दक्षिणेकडचा आहे. दक्षिण ही यमाची दिशा. याहून अधिक काय हवं, असं सर्वांचं मत पडलं. दर्भाचा कावळा चालतो तसा दर्भाचा पेंग्विन चालेल का, असं एकाने विचारलं. चालणार नाही, असं ठरलं.

दिनकर काळमेघ गेले त्याच्या दहाव्या दिवशी त्यांची बायको प्रमिला आणि मुलगी केतकी ऑटोत बसून संग्रहालयाकडे निघाल्या तेव्हा रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. भाताचा पिंड प्रमिलाच्या मांडीवर होता, पत्रावळीत, ओल्या फडक्याखाली.

"केतकी, तिथं गेल्यावर तू बोलायचं नाही," प्रमिला म्हणाली.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही. कोणी काही विचारलं तरी."

"मोठ्या बाबांनी विचारलं तर?"

"त्यांनी विचारलं तर मुळीच नाही."

मोठे बाबा म्हणजे दिनकरचे थोरले भाऊ, पुंडलिकराव. माणूस वाईट नव्हता. पण घरात कोणतंही काम निघालं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "केतकी करेल." चहा केतकी करेल, गॅसचा नंबर केतकी लावेल, पाहुण्यांना घ्यायला स्टँडवर केतकी जाईल. केतकीने या वर्षी कॉलेज संपवलं होतं आणि घरात सगळ्यांत धाकटी तीच होती, त्यामुळे यात कोणाला काही चुकीचं दिसत नव्हतं. प्रमिलालाही आजपर्यंत दिसलं नव्हतं.

तिला भीती पेंग्विनाची नव्हती. संग्रहालय तिच्या पायाखालचं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि दर हिवाळ्यात सातवीची सहल तिथं न्यायची. पेंग्विनांचं दालन, मग सीलचा हौद, मग घुबडं आणि पांढरे कोल्हे, आणि अगदी टोकाला, लांबलचक बोळ ओलांडल्यावर, उत्तर ध्रुवाकडचं अस्वल. त्या काचेमागे बर्फाच्या उतारावर कानटोप्या घातलेली काही माणसं बसलेली असत. मुली विचारायच्या, "बाई, हे कोण?" प्रमिला सांगायची, "ते सोबतीचे आहेत." मुली मान डोलवायच्या आणि पॉपकॉर्न खायला पळायच्या.

सोबतीचे कसे होतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

दिनकरचं स्टँडजवळ कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर पंप, पंखे आणि वाळ्याच्या जाळ्या यांत वावरणारा तो माणूस घरी आला की कूलरच्या घरघरीतच झोपायचा. वीज गेली आणि घरघर थांबली की मात्र त्याला जाग यायची. अंधारात तो विचारायचा, "आहेस ना?" प्रमिला अर्धवट झोपेत म्हणायची, "आहे." मग तो पुन्हा झोपायचा. लग्न झाल्यापासून हे असंच चालू होतं आणि दोघं दिवसाउजेडी त्याबद्दल कधी बोलले नव्हते. दवाखान्यातही तो विचारत राहिला. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, तिने उत्तर दिलं. उत्तर त्याला ऐकू गेलं की नाही, हे तिला समजलं नाही.

त्यामुळे दिनकरची इच्छा कशात अडकली असेल याचा विचार तिला करावा लागला नव्हता. तिला ती माहीत होती. तो थोडक्यात समाधान मानेल, एवढीच तिची आशा होती.

दशक्रिया विभागाचं फाटक मागच्या बाजूला होतं. पुंडलिकराव, दिनकरची बहीण सिंधूताई आणि गुरुजी आधीच येऊन थांबले होते. पर्यवेक्षक लांजेवार स्वेटरवर ओळखपत्र लटकवून बाहेर आले. बाहेरच्या उन्हात स्वेटर घातलेला माणूस पाहून सिंधूताईंना घाम फुटला.

"कोट घालून घ्या जी सगळे," लांजेवार म्हणाले. "नंतर म्हणू नका सांगितलं नाही म्हणून. आणि एक. मयताला शब्द द्यायचा असेल तर नावानिशी द्यायचा. 'आम्ही बघू', 'आम्ही करू' हे आमच्याकडे चालत नाही."

"घरचेच आहोत आम्ही," पुंडलिकराव म्हणाले. "आम्ही म्हणजे आम्ही सगळे."

"सगळे म्हणजे कोणीच नाही, साहेब. मागं एका घराने म्हटलं, 'आम्ही सगळे तुझ्याजवळ आहोत.' आम्हाला मग सगळ्यांची व्यवस्था करावी लागली. ताण पडतो."

कोटांना डांबरगोळ्यांचा वास होता. प्रमिलाने केतकीच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, लहानपणी लावायची तशी.

पेंग्विनांच्या दालनात शिरताच त्यांच्या तोंडातून वाफा निघू लागल्या. गुरुजींनी पत्रावळ बर्फाच्या ओट्यावर ठेवली आणि सगळे मागे सरले. ड्युटीवरचा पेंग्विन आपल्या लोकांमधून बाहेर पडला आणि डुलत डुलत ओट्यापाशी आला. त्याने पिंडाकडे एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. आणि उभा राहिला.

"बोला," लांजेवार म्हणाले.

सिंधूताईंनी नाक पुसलं. "दिन्या, राखीला आलास तेव्हा मी तुला तोंडाला येईल ते बोलले रे. ते मनात ठेवू नको. तेराव्याला तुझ्या आवडीचे पानगे करू."

"करणार कोण?" लांजेवारांनी विचारलं.

पुंडलिकरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "केतकी करेल."

पेंग्विन हलला नाही. पुंडलिकरावांनी गच्चीवरची टाकी दुरुस्त करण्याचा शब्द दिला, दिनकरच्या नावाने पाणपोई घालण्याचा शब्द दिला. दोन्ही केतकी करणार होती. केतकी आईचा हात धरून गप्प उभी होती. पिंडावरची शितं एकेक करून काचेसारखी होत चालली होती.

"वहिनी, तुम्ही बोला ना," सिंधूताई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक असेल त्याचं मन."

प्रमिला पुढे झाली. "तुमची हत्यारांची पेटी मी कोणाला देणार नाही," ती म्हणाली. "मी, प्रमिला. तेलपाणी करून ठेवीन."

पेंग्विनाने तिच्याकडे पाहिलं. गृहपाठ केला म्हणून खोटं सांगणाऱ्या मुलीकडे ती वर्गात ज्या नजरेने पाहायची, तीच ती नजर होती. मग तो वळला आणि आपल्या लोकांत जाऊन मिसळला. कोणता तो, हे पुन्हा ओळखता आलं नाही.

"होतं असं," लांजेवार म्हणाले. "सीलकडे चला."

सील दक्षिणेकडेही असतो आणि उत्तरेकडेही. ज्यांचं जायचं की राहायचं हे ठरत नाही, त्यांचे पिंड त्याच्याकडे येतात. तो हौदाच्या काठावर पोत्यासारखा पडला होता. पत्रावळ त्याच्या मिशांपुढे ठेवली तरी त्याने डोळे उघडले नाहीत. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. बाहेर दुसरं कुटुंब येऊन थांबलं होतं, आणि घरी पंगत खोळंबली होती.

"दिनू," पुंडलिकराव मोठ्या आवाजात म्हणाले, "तुझं दुकान मी बंद पडू देणार नाही. तुझ्या जागेवर केतकी बसेल!"

सीलने डोळे उघडले. ते मोठे, ओले आणि अगदी काळे होते. त्याने मान वर उचलली आणि पिंडाकडे न बघता तो माणसांकडे बघू लागला, एकेकाकडे, जणू कोणाला तरी शोधत होता. मग नाकातून जोरात हवा सोडून तो पाण्यात घसरला. पाण्यावर एकही तरंग राहिला नाही.

लांजेवारांनी हनुवटी खाजवली. "पिंडाला शिवला नाही, पण नाव ऐकून उठला. म्हणजे काम नकोय यांना. माणूस पाहिजे."

प्रमिलाने केतकीचा हात इतका घट्ट धरला की केतकी म्हणाली, "आई, दुखतंय." आणि मग आठवून गप्प झाली.

"पिंड घरी नेला तर?" प्रमिलाने विचारलं.

"नेऊ शकता," लांजेवार म्हणाले. "नियमात बसतं. बोंड्यांनी नेला होता."

बोंड्यांचं घर सगळ्यांना माहीत होतं. भर मे महिन्यात त्यांच्या ओसरीवर बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघते. त्यांची लेकरं शाळेत येतात तेव्हा त्यांचे ओठ निळे असतात. गेल्या वर्षी बोंड्यांचा धाकटा प्रमिलाच्या वर्गात होता. त्याच्याशेजारी बसायला मुली भांडायच्या, उन्हाळ्यात गार वाटतं म्हणून. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला.

"घरी कसा नेणार?" पुंडलिकराव म्हणाले. "पोरगी आहे घरात. चला, अस्वलाकडे जाऊ. अस्वल कोणाला नाही म्हणत नाही, असं ऐकलंय."

"नाहीच म्हणत," लांजेवार म्हणाले.

बोळ लांब होता. कोल्हे भिंतीला टेकून बसले होते. घुबडांनी माना पूर्ण फिरवून त्यांना जाऊ दिलं. प्रमिला मनातल्या मनात एक वाक्य तयार करत होती आणि ते वाक्य तोंडाशी आलं की तिला बर्फावर बसलेली माणसं दिसत. तिला तिथं बसायचं नव्हतं. तिला घरी जायचं होतं, गच्चीत वाळत घातलेल्या चादरी काढायच्या होत्या, शाळा उघडल्यावर आठवीला खारे वारे आणि मतलई वारे शिकवायचे होते. नवऱ्याच्या मागे आपल्याला जगावंसं वाटतंय, हे तिला त्या बोळात पहिल्यांदा कळलं, आणि ते कळल्यामुळेच ती जास्त घाबरली.

काचेच्या आत प्रकाश दुधासारखा होता. उतारावर सोबतीची माणसं बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांतले एक निवृत्त पोस्टमास्तर होते, हिवराळे. त्यांनी ओळख दाखवून हात वर केला. प्रमिलानेही केला.

पिंड एका झरोक्यातून आत सरकवण्यात आला. शितांचा आता दगड झाला होता.

"इथं जरा सांभाळून," लांजेवार हळू आवाजात म्हणाले. "अस्वल उत्तरेचं आहे. उत्तरेकडचा माणूस लगेच जात नसतो, थांबतो. त्याला सोबत लागते. त्याच्यापुढं पहिला जो बोलेल किंवा ज्याचं नाव निघेल, ते पक्कं. नंतर चुकून झालं म्हणून अर्ज येतात. विचार होत नाही."

अस्वल बर्फाच्या आडून निघालं. सहलीच्या वेळी ते नेहमी झोपलेलं असायचं, त्यामुळे ते किती मोठं आहे हे प्रमिलाला कधी कळलं नव्हतं. पावलांचा आवाज न करता ते आलं, पिंडापाशी बसलं, आणि पिंडाकडे ढुंकूनही न पाहता काचेला नाक टेकवून थांबलं. त्याच्या श्वासाने काचेवर एक मोठा गोल धुरकट झाला. पुसट झाला. पुन्हा धुरकट झाला.

तेवढ्यात वीज गेली.

संग्रहालयात असं रोज होतं. जनरेटर लागेपर्यंत कंप्रेसर बंद पडतात. पण सगळी इमारत ज्या घरघरीवर उभी आहे असं वाटत होतं, ती घरघर थांबली, आणि जी शांतता झाली ती प्रमिलाला ओळखीची होती. कूलर बंद पडल्यानंतरची ती शांतता होती. तिच्यात एक प्रश्न नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला. तो कोणी विचारला असं म्हणता येणार नाही. केतकीनेही मान वर केली. दवाखान्यात बापाच्या उशाशी आईइतकीच तीही बसली होती. तिचे ओठ किंचित विलग झाले.

आणि पुंडलिकरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दिनू, तू काळजी करू नको, केत—"

"आहे," प्रमिला म्हणाली.

ती ओरडली नाही. झोपेतून म्हणावं तसं म्हणाली. अस्वलाने काचेवरून नाक काढलं, खाली वाकलं आणि पत्रावळीसकट पिंड गिळला. जनरेटर लागला. घरघर पुन्हा सुरू झाली.

"शिवलं!" सिंधूताईंनी हात जोडले. "सुटला गं बाई माझा भाऊ."

"नाव पूर्ण सांगा," लांजेवार म्हणाले.

"प्रमिला दिनकर काळमेघ."

"कायमचं आहे का हे, की काही मुदतीपुरतं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कायमचं. रविवारी भेटता येतं. तिकीट लागेल, नातेवाइकांना सवलत नाही. बाहेरचं खायला द्यायचं नाही, अस्वलाला सवय लागते."

"आई, तू म्हणाली होतीस बोलायचं नाही म्हणून," केतकी म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी खालून आला.

"तुला म्हटलं होतं."

केतकी पुंडलिकरावांकडे वळली. "मोठे बाबा, तुम्ही तुमचं नाव का नाही घेतलं? एकदा तरी? पेंग्विनासमोर तरी?"

पुंडलिकरावांनी चष्मा खाली घेतला आणि कोटाच्या बाहीने पुसला. "अगं, माझे गुडघे," ते म्हणाले. "थंडीत धरतात."

हे खरं होतं.

"वहिनी," थोड्या वेळाने सिंधूताई म्हणाल्या, "पंगतीला काय सांगू?"

"जेवा म्हणावं. गच्चीतल्या चादरी तेवढ्या काढून घ्या." प्रमिलाने केतकीच्या गळ्याशी बटण नीट केलं. ते आधीच नीट होतं. "दुकानात बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. कोणी म्हणालं म्हणून बसू नको."

आत जायचं दार साधंच होतं, कोठीच्या दारासारखं. लांजेवारांनी तिला कानटोपी, मफलर आणि हातमोजे दिले. हातमोजे जरा मोठे होते. त्यापेक्षा लहान शिल्लक नव्हते.

हिवराळे पोस्टमास्तर सरकले आणि त्यांनी तिला जागा करून दिली. पाय असे पोटाशी घ्या, म्हणजे बोटं बधिर होत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. अस्वल मधे आडवं पडलं होतं. त्याच्या पाठीला टेकायला हरकत नसते. रोज वीज जायची, घरघर थांबायची, शांतता पडायची. प्रत्येकाला आपापला प्रश्न येई आणि प्रत्येक जण हलक्या आवाजात उत्तर देई. प्रमिला म्हणायची, "आहे." पहिल्याइतकं ते अवघड राहिलं नाही.

"एक सांगून ठेवतो, बाई," हिवराळे एकदा म्हणाले. "काही दिवसांनी तो विचारायचा थांबेल. त्याचं समाधान होतं आणि तो जातो."

"मग आपल्याला सोडतात?"

"नाही. शब्द आपण दिलेला असतो." त्यांनी मफलर सारखा केला. "तो गेला की इथं फार शांत होतं. मग आपल्यालाच विचारावंसं वाटतं. समोर कोणी आपलं उभं असलं की जास्तच. तेवढं सांभाळा. इथून विचारलेलंही धरतात."

"तुम्ही विचारलंत?"

हिवराळ्यांच्या पलीकडे हिरवी कानटोपी घातलेली एक तरुण बाई बसली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "ही माझी सून."

बाईने नमस्कार केला.

आणि तसंच झालं. एके दिवशी वीज गेली आणि प्रमिलाने तोंड उघडलं, पण उत्तर द्यायला प्रश्नच आला नाही. त्यानंतरही आला नाही.

तो आठवडा संपला आणि रविवार आला. केतकी काचेपाशी उभी होती. तिच्या अंगावर प्रमिलाची अबोली ओढणी होती आणि कपाळावर घाम होता. बाहेर कडक ऊन असणार. तिच्या बोटांना ग्रीसचे डाग होते. ती दर रविवारी यायची. हसायची, हाताने काहीबाही सांगायची: चादरी काढल्या, दुकान उघडलं, मोठे बाबा ठीक आहेत. काच जाड आहे, पण झरोक्यातून आवाज चांगला जातो. प्रमिला झरोक्यापासून लांब, वरच्या बाजूला बसायची.

वीज गेली.

कंप्रेसर थांबले. अस्वलाने डोळे उघडले आणि मान वर केली. शांततेत सगळे जण आपापल्या वाटणीचं पुटपुटले आणि गप्प झाले. प्रमिलाचं काही नव्हतं. पोटात खोलवर थंडी होती आणि त्या थंडीतून काहीतरी वर येत होतं, छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. दोन शब्द होते ते. लग्न झाल्यापासून ते तिने रोज ऐकले होते. स्वतः ते कधी उच्चारले नव्हते. दिनकर किती घाबरत असेल, हे तिला आता समजलं.

काचेपलीकडे केतकीने हातातली पिशवी खाली ठेवली. ती काचेच्या अगदी जवळ आली, झरोक्याला कान लावला आणि वाट बघू लागली. बापाच्या उशाशी बसून जशी वाट बघायची, तशी. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. ते प्रमिलाला इतक्या लांबूनही दिसत होतं.

अस्वल उठलं आणि झरोक्यापाशी जाऊन बसलं.

प्रमिलाने मफलरचं टोक तोंडात कोंबलं आणि दात आवळले. जनरेटर अजून लागला नव्हता. हिवराळ्यांनी आपला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि त्यांच्या सुनेने, काही न बोलता, प्रमिलाच्या तोंडावर आपले दोन्ही हातमोजे घट्ट दाबून धरले.